बोटीचा पंखा काय सांगतो?

गोरेगावच्या आरे कॉलनीत छोटा काश्मीरच्या तळ्यावर मुंबईकरांच्या कित्येक पिढ्यांनी नौकाविहार केला. तिथली होडी पायानं किंवा वल्ह्यानं चालवायची, त्यामुळे आवाज काय तो पाण्याच्या चुबुक-चुबुकीचा आणि पोरांच्या ओरड्याचा. याच आरेच्या टेकड्यांमध्ये ओशिवरा नदी उगम पावते आणि उपनगरातून वाट काढत मालाडच्या खाडीला मिळते. खाडीच्या तोंडाशी एका काठाला वेसावे, दुसऱ्या काठाला मढ. इथल्या होडीला मात्र इंजिन आहे आणि पाण्याखाली फिरणारा पंखा आहे. वेसावे ते मढ फेरीबोटीत मागच्या बाजूला उभे राहिलात, तर पायाखालून येणारे आवाज तुम्ही ऐकले असतील. कधी नुसती घरघर, कधी खडी ओतल्यासारखी खरखर, कधी ‘धब धब’, तर कधी एकाच सुरातलं किंचाळणं.

आरोग्याच्या सदरात बोटीचा पंखा कशाला, असं कुणी विचारेल. त्याची दोन कारणं आहेत. पंख्याच्या पात्यांना खड्डे पाडणारी जी क्रिया आहे, तीच आम्ही रुग्णालयात मुतखडा फोडायला वापरतो. आणि कृत्रिम हृदयझडपेत तीच क्रिया त्रासदायक ठरू शकते. दुसरं कारण जास्त जवळचं आहे. या आवाजांच्या शेजारी ज्यांचं आयुष्य जातं, त्या तांडेल-खलाशांचे कान हळूहळू जातात, आणि ते गेल्याचं त्यांना फार उशिरा कळतं.

आधी इतिहास विचारायचा

छातीत दुखतं म्हणून आलेल्या माणसाला आम्ही लगेच यंत्राखाली घालत नाही. आधी विचारतो, कधी दुखतं? चालताना की बसल्याजागी? सलग की थांबून थांबून? पॅरिसमध्ये रेने लेनेक यांनी १८१६ मध्ये कागदाची सुरळी छातीला लावून स्टेथोस्कोपची सुरुवात केली, तेव्हापासून आवाजावरून आतला बिघाड ओळखणं हा आमच्या धंद्याचा भाग आहे. निरोगी झडपेतून रक्त शांतपणे वाहतं. झडप अरुंद झाली किंवा गळू लागली की प्रवाह खवळतो आणि कानाला ‘मर्मर’ ऐकू येते. म्हणजे आवाज हा आजार नव्हे, ते लक्षण आहे. पंख्याचंही तसंच.

जाणता तांडेल नेमके असेच प्रश्न विचारतो. आवाज कुठल्या वेगाला सुरू होतो? वेग वाढवला की वाढतो का? रिकाम्या बोटीत येतो की माल भरल्यावर? वळताना येतो का? गिअर न्यूट्रलला टाकल्यावर थांबतो का? या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फार मोलाचं असतं. न्यूट्रलला इंजिन चालू राहतं, पण शाफ्ट आणि पंखा थांबतात. तरीही आवाज येत राहिला तर दोष इंजिनाकडे शोधायचा. आवाज बंद झाला तर गिअरच्या पुढे, म्हणजे शाफ्ट, बेअरिंग आणि पंख्याकडे पाहायचं.

थोडं गणितही कामाला येतं. समजा, पंखा मिनिटाला ६०० फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला १०. पाती तीन असतील, तर बोटीच्या तळाला सेकंदाला ३० धक्के बसतात. माणसाचा कान साधारण २० ते २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकतो, तेव्हा ३० हर्ट्‌झ म्हणजे अगदी खालच्या पट्टीतली घरघर. ती कानापेक्षा पायाला अधिक जाणवते. एवढी घरघर प्रत्येक पंख्याची असतेच, ती नाडीसारखी समजा. पण तीनपैकी एक पातं वाकलं असेल तर दर फेऱ्याला एक वेगळा धक्का बसतो, म्हणजे सेकंदाला १०. घरघरीत हा नवा ठोका मिसळला की समजावं, पाती आता एकसारखी राहिलेली नाहीत.

खरखर : थंड पाण्याला आलेली उकळी

आता खडी ओतल्यासारख्या खरखरीकडे वळू. हा पंख्याच्या आवाजांपैकी सर्वांत महत्त्वाचा आवाज, आणि त्याचं स्पष्टीकरण स्वयंपाकघरात मिळतं.

चहाचं आधण ठेवलं की उकळी फुटण्याआधी पातेलं ‘सूंऽऽ’ असा आवाज करू लागतं. खरी उकळी आली की उलट आवाज मऊ होतो. असं का? पातेल्याचा तळ आधी तापतो, तिथं वाफेचे बुडबुडे तयार होतात आणि वर चढतात. वरचं पाणी अजून थंड असतं. त्यात शिरताच बुडबुड्यातल्या वाफेचं पुन्हा पाणी होतं, बुडबुडा आतल्या आत मिटतो आणि चारी बाजूंचं पाणी त्या पोकळीत धडकतं. अशा हजारो बारीक धडका मिळून आधणाचा तो सूर होतो.

पाणी १०० अंशांनाच उकळतं, असं आपण शाळेत शिकलो. पण ते समुद्रसपाटीला, तिथल्या हवेच्या दाबाखाली. महाबळेश्वरला हवेचा दाब कमी, म्हणून तिथं पाणी साधारण ९५ अंशांनाच उकळतं. प्रेशर कुकरमध्ये दाब जास्त, म्हणून १०० अंशांच्या बरंच वर जातं. हेच पुढे नेलं तर लक्षात येईल की दाब पुरेसा उतरवला तर पाणी न तापवताही उकळेल. मुंबईच्या समुद्राइतक्या कोमट पाण्याला त्यासाठी दाब हवेच्या दाबाच्या सुमारे पंचविसाव्या हिश्श्यापर्यंत उतरावा लागतो.

पंखा नेमकं हेच करतो. त्याचं पातं विमानाच्या पंखासारखं असतं. पात्याची एक बाजू पाण्याला मागे ढकलते, तिथं दाब वाढतो. दुसरी बाजू पाणी ओढते, तिथं दाब घटतो. पंखा फार वेगानं फिरवला, त्याच्यावर गरजेपेक्षा जास्त भार टाकला, किंवा पात्याच्या कडेला खाच पडून प्रवाह विस्कटला, तर ओढणाऱ्या बाजूचा दाब इतका खाली जातो की तिथलं पाणी थंडच्या थंड उकळतं. वाफेचे बुडबुडे सुटतात, थोडं मागे जास्त दाबाच्या पाण्यात पोचतात आणि क्षणार्धात मिटतात. त्या मिटण्याचा कडकडाट म्हणजे ती खरखर. या क्रियेला कॅव्हिटेशन म्हणतात, आपण तिला पोकळी धरणं म्हणू.

धातूच्या पात्याजवळ मिटणारा बुडबुडा सगळीकडून सारखा मिटत नाही. त्याच्या पोटातून पाण्याची सुईसारखी बारीक धार पात्यावर आदळते. एका धारेनं काही होत नाही. पण दिवसाचे तास, वर्षाचे महिने हा मारा चालला की पितळी पात्यावर देवीच्या व्रणांसारखे खड्डे पडतात, कडा झिजतात. झिजलेल्या कडेमुळे प्रवाह आणखी विस्कटतो आणि पोकळी आणखी धरते. शिवाय वाफेला पाण्यासारखा जोर नसतो, त्यामुळे डिझेल जळतं आणि बोट मात्र पुढे सरकत नाही.

इंग्लंडमध्ये हा अनुभव १८९० च्या दशकात आला. ‘डेअरिंग’ या लढाऊ नौकेला ठरलेला वेग काही केल्या मिळेना. इंजिनात दोष नव्हता, पंखा पोकळीत फिरत होता. पात्यांचं क्षेत्रफळ सुमारे ४५ टक्क्यांनी वाढवल्यावर नौका वेगात धावली. क्षेत्र वाढलं की तेवढाच जोर जास्त जागेवर वाटला जातो आणि दाब फार घसरत नाही. त्याच सुमारास चार्ल्स पार्सन्स यांची ‘टर्बिनिया’ याच दुखण्यानं अडली होती. त्यांनी १८९५ मध्ये दाब कमी करता येईल अशा छोट्या टाकीत पंखा फिरवून बुडबुडे डोळ्यांनी पाहिले. शेवटी त्यांनी एका पंख्याचं काम तीन शाफ्टवरच्या नऊ पंख्यांत वाटून दिलं. १८९७ मध्ये राणी व्हिक्टोरियाच्या हीरक महोत्सवी नौदल संचलनात ‘टर्बिनिया’ ३४ नॉट, म्हणजे ताशी सुमारे ६३ किलोमीटर वेगानं धावली आणि पाहणारे थक्क झाले.

बुडबुडा मिटताना किती दाब निर्माण होतो, याचं गणित लॉर्ड रॅले यांनी १९१७ मध्ये मांडलं. त्या निबंधाच्या सुरुवातीलाच त्यांनी सांगितलं आहे की किटलीत पाणी उकळू लागताना होणाऱ्या आवाजाचं वर्णन वाचून त्यांच्या मनात हा प्रश्न आला. आपल्या आधणाचा आणि बोटीच्या पंख्याचा संबंध मी जोडलेला नाही, तो शंभर वर्षांपूर्वीच जोडला गेला आहे.

या खरखरीची सर्वांत जास्त धास्ती पाणबुडीला असते. पोकळी धरली की पाणबुडी दूरवर ऐकू जाते आणि पकडली जाते. खोल गेलं की पाण्याचा दाब वाढतो, दर दहा मीटरला सुमारे एका वातावरणाइतका. त्यामुळे खोल पाण्यात पोकळी सहजी धरत नाही. माझगाव डॉकमध्ये बांधलेली ‘आयएनएस कलवरी’ डिसेंबर २०१७ मध्ये मुंबईत नौदलात दाखल झाली. अशा नौकांच्या रचनेत पंख्याचा आवाज हा ध्यानात घेण्याचा मोठा विषय असतो. विशाखापट्टणमच्या नौदल विज्ञान प्रयोगशाळेत पंख्यांची ही परीक्षा घेण्यासाठी खास जलबोगदा आहे.

गाणारा पंखा, किंचाळणारं बेअरिंग

काही पंखे ठरावीक वेगाला चक्क गातात. एकच सूर, लांबलेला. सोसाट्याच्या वाऱ्यात विजेच्या तारा ‘घूंऽऽ’ करतात, तसाच हा प्रकार. पात्याच्या मागच्या कडेवरून सुटणारं पाणी आलटून पालटून दोन्ही बाजूंना भोवरे सोडतं. या भोवऱ्यांची लय पात्याच्या स्वतःच्या कंपनाशी जुळली की पातं घंटेसारखं वाजू लागतं. वेग थोडा वाढवला किंवा कमी केला की गाणं थांबतं, हीच त्याची ओळख. त्यावर इलाजही साधा आहे. पात्याची मागची कड जाणत्या कारागिराकडून तिरकी तासून घेतली की भोवऱ्यांची लय मोडते आणि सूर बंद होतो. दुर्लक्ष केलं तर सतत कंप सोसून पात्याला चीर जाऊ शकते.

किंचाळणं वेगळं. शाफ्ट बोटीबाहेर ज्या बेअरिंगमध्ये फिरतो, त्याला अनेकदा आतून रबर असतं आणि वंगण म्हणून समुद्राचंच पाणी. तिथं गाळ साचला, पाणी पोचेना किंवा रबर झिजलं की कोरडं घासल्यासारखी किंचाळी येते. झीज वाढली की शाफ्ट खुळखुळतो आणि ठकठक सुरू होते.

लाटेत बोटीचा मागचा भाग उचलला गेला, तर एकदम ‘भर्रऽऽ’ करून इंजिनाचे फेरे वाढतात. पंख्यानं पृष्ठभागावरची हवा खेचलेली असते. पोकळी धरण्याशी याची गल्लत करू नये. तिथं वाफ असते, इथं हवा. हवेचा बुडबुडा वाफेसारखा झटकन मिटत नाही, त्यामुळे पात्याला खड्डे पडत नाहीत. पण बोटीचा जोर अचानक जातो, आणि तो लाटेतच जातो, हे धोक्याचं.

‘धब धब’ : आरेपासून खाडीपर्यंत आलेली पिशवी

आता सर्वांत ओळखीचा आवाज. बोट व्यवस्थित चालली आहे आणि मध्येच ‘धब धब धब’. बोट थरथरते, वेग पडतो. पाण्याखाली पाहिलं तर पंख्याला प्लास्टिकची पिशवी, गोणपाट, साडीचा तुकडा किंवा तुटक्या जाळ्याचा दोर गुंडाळलेला.

एका पात्याला चिंधी चिकटली की तिन्ही पात्यांचा तोल जातो आणि दर फेऱ्याला शाफ्टला हिसका बसतो. नायलॉनचा दोर शाफ्टभोवती आवळत जातो, घासून तापतो, वितळतो आणि पाणी आत येऊ न देणाऱ्या सीलपर्यंत पोचला तर ते कापतो. पिशवी इंजिनाला थंड ठेवणाऱ्या पाण्याच्या तोंडावर बसली तर इंजिन तापून बंद पडतं. भरतीच्या वेळी खाडीच्या मुखाशी, माणसांनी भरलेल्या बोटीचं इंजिन बंद पडणं ही साधी गोष्ट नाही.

ही पिशवी कुठून येते? ओशिवरा नदी आरेतून निघते तेव्हा झाडीतला ओढा असते. पुढे वस्त्या, कारखाने आणि बाजार यांचा कचरा घेत ती मालाडच्या खाडीत उतरते. पावसाळ्यात तर वर नाल्यात टाकलेली वस्तू खाली पोचायला फार वेळ लागत नाही. ऑक्टोबर २०१५ पासून अफरोज शाह यांच्या पुढाकारानं वेसाव्याच्या किनाऱ्यावर शेकडो लोकांनी कचरा उचलला, त्याची दखल जगानं घेतली. २०१८ पासून राज्यात प्लास्टिकच्या पिशव्यांवर बंदी आहे. तरीही पंख्याची ‘धब धब’ थांबलेली नाही. उपनगरात बाल्कनीतून नाल्यात पडलेल्या पिशवीचा आवाज शेवटी तांडेलाच्या पायाखाली येतो.

इथं डॉक्टर म्हणून एक इशारा. गुंता काढायला खलाशी पाण्यात उतरतो, तेव्हा गिअर न्यूट्रलला असणं पुरेसं नाही. इंजिन बंद करून किल्ली काढून ती उतरणाऱ्याच्याच ताब्यात द्यावी. पंख्याची जखम खोल असते, तिथून रुग्णालय लांब असतं आणि खाडीच्या घाण पाण्यात ती पटकन चिघळते.

तोच बुडबुडा, आमच्या रुग्णालयात

जो बुडबुडा पात्याला खड्डे पाडतो, तो मुतखड्यालाही पाडू शकतो. शस्त्रक्रिया न करता शरीराबाहेरून धक्कालहरी सोडून मूत्रपिंडातला खडा फोडण्याचा उपचार १९८० मध्ये म्युनिकला पहिल्यांदा माणसावर झाला. लहरीचा पुढचा भाग खड्याला दाबतो. मागचा भाग क्षणभर दाब उतरवतो, खड्याभोवतीच्या लघवीत बारीक बुडबुडे धरतात आणि मिटताना खड्याला टोचे मारतात. पुढे असं दिसलं की मिनिटाला १२० ऐवजी ६० च्या आसपास लहरी सोडल्या तर खडा अधिक चांगला फुटतो. घाई केली तर आधीच्या लहरीचे बुडबुडे विरत नाहीत आणि पुढच्या लहरीचा जोर तेच खातात. बोट असो की मुतखडा, पोकळी धरली की नुसता जोर वाढवून काम होत नाही.

दातांवरचं कीटण काढणाऱ्या यंत्रातही असेच बुडबुडे पाण्यात काम करतात. त्या यंत्रावरून चार्ल्स केलमन यांना मोतीबिंदू फोडून ओढून घेण्याची कल्पना सुचली आणि १९६७ मध्ये ती प्रत्यक्षात आली. याउलट हृदयातली कृत्रिम झडप झटक्यात बंद होते तेव्हा तिच्या मागे क्षणभर दाब उतरतो. १९८० च्या दशकात काही झडपांवर बारीक खड्डे आढळले आणि त्यांच्या रचनेत बदल करावे लागले. बोटं मोडताना येणारा कट्‌कन आवाजही सांध्यातल्या द्रवात पोकळी धरण्याशीच जोडलेला आहे. बोटं मोडल्यानं संधिवात होतो हा समज मात्र खरा ठरलेला नाही. डोनाल्ड अंगर नावाच्या अमेरिकन डॉक्टरांनी साठ वर्षं एकाच हाताची बोटं मोडली आणि दोन्ही हातांत फरक दिसला नाही. २००९ मध्ये त्यांना गमतीचं ‘इग नोबेल’ मिळालं.

समुद्रालाही कान आहेत

पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेतल्या आवाजाच्या चौपटीहून अधिक वेगानं. गढूळ पाण्यात जिथं दिसत नाही, तिथं मासे आवाजावर जगतात. आपल्या ताटातले ढोमा आणि घोळ हे बोलणारे मासे आहेत. पोटातल्या हवेच्या पिशवीवर, म्हणजे ज्या भोतापायी घोळ सोन्याच्या भावानं विकली जाते त्या भोतावर, स्नायूंनी ताल धरून ते आवाज काढतात; विशेषतः जोडीदाराला बोलावण्यासाठी. पंख्यांची घरघर नेमकी त्याच खालच्या पट्टीत असते.

निसर्गात पोकळी धरणारा एक जीवही आहे. उष्ण किनाऱ्यांवर एक छोटी कोळंबी आपली मोठी नांगी इतक्या वेगानं मिटते की बुडबुडा धरतो. तिचा ‘टक्’ आवाज नांगी आपटल्याचा नसून बुडबुडा मिटल्याचा असतो, हे २००० साली शास्त्रज्ञांनी दाखवून दिलं. ती शिकारीपुरती एकदा टिचकी वाजवते. आपले पंखे तासन्‌तास वाजवतात. सप्टेंबर २००१ च्या अमेरिकेतल्या हल्ल्यांनंतर काही दिवस जहाजांची वर्दळ घटली, तेव्हा कॅनडाच्या फंडी उपसागरातल्या देवमाशांच्या विष्ठेत ताणाच्या संप्रेरकाचं प्रमाण कमी झालेलं आढळलं. जहाजांचा पाण्याखालचा आवाज कमी करण्यासाठी आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेनं २०१४ मध्ये मार्गदर्शक सूचना काढल्या आणि २०२३ मध्ये त्या सुधारल्या.

तांडेलाचे कान

आता माणसाच्या कानाकडे येऊ. आमच्या बाह्यरुग्ण विभागात कोळीवाड्यातली मंडळी रक्तदाब, मधुमेहासाठी येतात. कानाची तक्रार ते स्वतः सांगत नाहीत, ती सोबत आलेलं माणूस सांगतं. पंचावन्नच्या आसपासचे एक तांडेल बायकोबरोबर आले होते. बायको म्हणाली, ‘मॅडम, टीव्ही एवढा मोठा लावतात की शेजारी येऊन बोलतात.’ तांडेल म्हणाले, ‘मला नीट ऐकू येतं. घरातलेच तोंडातल्या तोंडात बोलतात.’ मी विचारलं, ‘दादा, बोटीचा पंखा बिघडला तर कसा ओळखता?’ ते हसून म्हणाले, ‘आधी कानानं ओळखायचो. आता पायानं.’

निदान त्या एका वाक्यात होतं. कान-नाक-घसा विभागात तपासणी झाली तेव्हा आलेखावर ४,००० हर्ट्‌झच्या जागी खोल खड्डा होता. सततच्या मोठ्या आवाजानं गेलेल्या कानाची ही खूण. आपल्या प्रत्येक आतल्या कानात सुमारे पंधरा-सोळा हजार केसपेशी असतात. आवाजाच्या माऱ्यानं त्या थकतात आणि मारा थांबला नाही तर मरतात. पक्ष्यांमध्ये त्या पुन्हा उगवतात, माणसात नाही. आधी वरच्या पट्टीतला आवाज जातो. म्हणून ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरं पुसट होतात, बायकांचा आणि मुलांचा आवाज अस्पष्ट होतो आणि समोरचा पुटपुटतोय असं वाटतं. आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही.

वरच्या पट्टीतलं आणखी काय जातं? बेअरिंगची सुरुवातीची किंचाळी आणि पोकळी धरू लागल्याची पहिली खरखर. ‘धब धब’ खालच्या पट्टीतली, ती पायाला कळते. पण ती येते तेव्हा बिघाड पुढे गेलेला असतो. ज्या कानांच्या जोरावर तांडेल आपली बोट आणि आपली माणसं सांभाळतो, तेच कान ती बोट खाऊन टाकते.

किती आवाज जास्त समजायचा? ८५ डेसिबलचा आवाज रोज आठ तासांपेक्षा जास्त सोसू नये, असं मानलं जातं. डेसिबलचं माप फसवं आहे. तीनच डेसिबल वाढले की आवाजातली ऊर्जा दुप्पट होते, म्हणून वेळ निम्मा करावा लागतो. ८८ ला चार तास, ९१ ला दोन तास, आणि १०० ला जेमतेम १५ मिनिटं. मासेमारी बोटीवर डिझेल इंजिनाच्या शेजारी ९० ते १०० डेसिबल किंवा त्याहून जास्त आवाज असणं नवल नाही. आणि खलाशाची पाळी आठ तासांत संपत नाही. तो झोपतोही त्याच इंजिनाच्या वर. कानाला विसावा असा मिळतच नाही. मोजायचं यंत्र नसेल तर साधी खूण लक्षात ठेवा. हातभर अंतरावरच्या माणसाशी ओरडून बोलावं लागत असेल, तर तो आवाज कानाला घातक आहे.

‘कानात बोळे घातले तर इंजिन कसं ऐकू येणार?’ हा खलाशांचा प्रश्न रास्त आहे. पण सुरुवात कानापासून करायचीच नाही, इंजिनापासून करायची. इंजिनाच्या पेटीचं झाकण बंद ठेवा, आतून आवाज शोषणारं अस्तर लावून घ्या, फुटका सायलेन्सर बदला, झोपण्याची जागा शक्य तितकी इंजिनापासून दूर ठेवा. इंजिनाजवळ काम असेल तेवढ्या वेळात कानाची चांगली फोमची बुचं किंवा कानावर बसणारे कप वापरा. ते सगळेच आवाज खाली आणतात, त्यामुळे बिघाडाचा वेगळा आवाज ओळखणं अशक्य होत नाही. कापसाचा बोळा मात्र उपयोगाचा नाही. आणि सुकाणूवर असताना हाका, भोंगे ऐकू येणं जिवाच्या सुरक्षिततेचं आहे, तिथं बुचं नकोत.

ज्यांचं काम गोंगाटात आहे त्यांनी वर्षातून एकदा श्रवणचाचणी करून घ्यावी. अर्ध्या तासाच्या आत होणारी ही तपासणी दुखत नाही. मोठ्या सरकारी व महापालिका रुग्णालयांत ती होते. वांद्रे रेक्लमेशनला अली यावर जंग राष्ट्रीय वाक् व श्रवण दिव्यांगजन संस्थाही आहे. कानात सतत ‘कुंईऽऽ’ वाजत राहणं, बोटीवरून उतरल्यावर काही तास बधिर वाटणं, गर्दीत बोलणं न समजणं ही सुरुवातीची लक्षणं आहेत. मधुमेह आणि धूम्रपान यांनी नुकसान वाढतं. जेंटामायसिन, अमिकासिनसारखी काही इंजेक्शनं कानाला त्रासदायक असतात, म्हणून ती घेण्याची वेळ आली तर आपलं काम गोंगाटात आहे हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. गेलेल्या पेशी परत येत नाहीत, पण राहिलेल्या वाचवता येतात, आणि वेळेवर लावलेलं श्रवणयंत्र माणसाला घरात पुन्हा बोलतं करतं.

महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर जूनमध्ये मासेमारी बंद होते, होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारल्या जातात आणि नारळी पौर्णिमेची वाट पाहिली जाते. याच काळात पंखा निघतो, पाती पाहिली जातात, चिकटलेले शिंपले खरवडले जातात, बेअरिंग बदललं जातं. दर पावसाळ्यात पंख्याची तपासणी होतेच. त्याच आठवड्यात तांडेल आणि खलाशांनी आपले कानही तपासून घ्यावेत. पंखा बाजारात नवा मिळतो.